तात्यारावांचा पायगुण आणि सुंदराबाईंचं मेतकूट

सदाशिव पेठेत आमचं किराणा दुकान आहे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सासऱ्यांनी मला गल्ल्यावर बसवलं, आणि बसल्या बसल्या पहिलं गिऱ्हाईक आलं ते तात्याराव घोटवडेकर. डोक्यावर टोपी, खिशात भिंग. त्यांनी साबणाची वडी उचलली, उलटी केली आणि दरडावून विचारलं, "मालक कोण?"

मी घाबरून म्हटलं, "सासरे जेवायला गेलेत."

"दुकानाचा नव्हे हो. साबणाचा!"

साबणाचा मालक कोण हे मला कुठून ठाऊक असणार? मी तोवर साबणाने अंघोळ करत होते, त्याची सोयरीक जुळवत नव्हते. पण तात्यारावांनी भिंगातून वडीच्या मागची बारीक अक्षरं वाचली, "हं, विलायतेचा," असं म्हणून ती अशी खाली ठेवली की जणू तिला हातच लावायला नको होता. मग शेजारची नागपूरच्या कुणा गृहस्थाची वडी घेतली आणि जाताना मला म्हणाले, "शिकून घ्या. दुकान चालवायचं तर आपण काय विकतो ते माहीत हवं." तेव्हापासून गेली पंचवीस वर्षं हा माणूस माझं डोकं खातो आहे, आणि खरं सांगते, चार दिवस तो फिरकला नाही तर मला करमत नाही.

हे व्रत का घेतलं ते त्यांनी मला एवढ्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. तात्याराव हडपसरला टॉर्च बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, यावर त्यांची नजर. कारखाना इथल्याच एका माणसाने पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला, खेडोपाडी त्याचे टॉर्च जायचे. नव्वदच्या दशकात एका सोमवारी तात्याराव कामावर गेले तर फाटकावरची पाटी बदललेली. कारखाना परदेशी कंपनीने विकत घेतला होता. नव्या मालकांनी मोठ्या प्रेमाने प्रत्येक कामगाराला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, त्यावर कंपनीचं नवं नाव. बाकीच्यांनी घड्याळ घेऊन टाळ्या वाजवल्या. तात्यारावांनी ते परत केलं आणि वर सुनावलं, "मला वेळ कळते. तुमची आली आहे म्हणून माझी बदलत नाही." नोकरी मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत तिथेच केली, कारण बाणा वेगळा आणि पेन्शन वेगळी. पण परदेशी मालकाची वस्तू घरात आणायची नाही, हे त्या सोमवारी ठरलं ते ठरलं.

घरात आणायची नाही असं त्यांनी ठरवलं. घर चालवत होत्या सुंदराबाई.

सुंदराबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, आणि हसल्या की डोळे मिटायच्या. मंगळवारी तात्याराव नदीकाठी फिरायला गेले की सुंदराबाई माझ्याकडे यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "शर्मिला, माझं ते दे गं." ते म्हणजे चेहऱ्याला लावायचं क्रीम, अस्सल विलायती. घरी ते तांदळाच्या डब्यामागे असायचं. मी एकदा विचारलं, "तात्यारावांना कळलं तर?" तर म्हणाल्या, "बाकी सगळं घर त्यांच्या मनासारखं आहे ना, मग चेहरा तेवढा माझा."

दुसरा त्यांचा हट्ट मिठाचा. त्यांचं घर दुकानाच्या अगदी वर, खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या. रोज दुपारी जेवताना वरून तात्यारावांचा आवाज यायचा, "मीठ कमी आहे!" आणि लगेच सुंदराबाईंचा, "वाटी पुढ्यात आहे!" रोज. सणावारीसुद्धा. आमच्या गल्लीतल्या बायका त्यावर कुकर उतरवायच्या. मिठाची वाटी खरोखरच पुढ्यात असायची आणि तात्यारावांनी तिच्यात कधी बोट बुडवलं नाही. मी जेवायला गेले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. नुसतं सांगायचं, आणि सगळं चाटूनपुसून खायचं. विशेषतः सुंदराबाईंच्या हातचं मेतकूट. मऊ भात, वर मेतकूट, वर तूप. मेतकूट त्या घरीच करायच्या, डाळी तांदूळ गहू भाजून, हिंग मेथी सुंठ घालून, दळतानाच मीठ टाकून, आणि अर्थातच कमी.

आता पायगुणाची गोष्ट. ती सांगताना मला अजून हसू आवरत नाही.

तात्याराव भिंगातून पारखून एखादी देशी वस्तू निवडायचे. एकदा निवडली की तिचे ते जाहिरातदारच. "शर्मिलाबाई, हा साबण ठेवा. अस्सल आपला." मी ठेवायचे. गल्लीतले दहाजण तात्यारावांच्या धाकाने घ्यायचे. आणि वर्ष, फार तर दीड वर्ष जायचं, आणि पेपरात बातमी यायची की ती कंपनी परदेशी कंपनीने विकत घेतली. त्या नागपूरच्या साबणापासून सुरुवात झाली. मग दंतमंजन. तात्यारावांनी ते सुरू केलं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते जपानला गेलं. मग चहा, मग उदबत्ती. उदबत्तीसुद्धा! फ्रान्सवाल्यांना कुठल्या देवाला ओवाळायचं होतं कुणास ठाऊक. मग डास पळवायची कांडी, कोकमाचं सरबत, पायाच्या भेगांचं मलम. नावं घेत नाही, उगाच कुणीतरी वकिलाकरवी नोटीस धाडायचं. दर वेळी तात्याराव पेपर घेऊन यायचे, बातमीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हाही गेला." त्यांचा चेहरा बघून वाईट वाटायचं आणि पोटात हसूही दाटायचं.

सगळ्यात आधी हा प्रकार ओळखला तो आयुषने. आयुष म्हणजे समोरच्या इमारतीत भाड्याने राहणारा विदर्भातला मुलगा, हिंजवडीत नोकरीला, शेअर बाजाराचा नाद. एक दिवस माझ्याकडे ब्रेड घेताना म्हणाला, "काकू, तात्या आजोबा सध्या कुठलं तेल लावतात?" मी सहज सांगितलं. काही महिन्यांनी ती कंपनी विकली गेली, तिचे शेअर आयुषने आधीच घेऊन ठेवलेले, आणि तो पेढ्यांचा पुडा घेऊन नाचत आला. "काकू, सिरीयसली, आजोबा म्हणजे इनसायडर आहेत!" त्याने एक पेढा नेऊन तात्यारावांच्या हातावर ठेवला आणि कारणही सांगितलं. तात्यारावांनी पेढा खाल्ला, कारण अन्नाचा अपमान करायचा नाही, आणि मग आयुषला जिन्यावरून खालपर्यंत शब्दांनी पोचवलं. "माझ्या डोक्याला लावतो तेल, आणि फायदा तुझ्या खिशाला!"

पण बोभाटा व्हायचा तो झालाच. बाणेर, बालेवाडीकडून दाढीवाली मुलं येऊ लागली, हातात नाचणीची बिस्किटं, कडुनिंबाची टूथपेस्ट, गुळाची चॉकलेटं. "आजोबा, फक्त एकदा वापरून बघा ना, प्लीज." त्यांना आपली कंपनी विकली जायला हवी होती. दारात नमुन्यांचा ढीग पडायला लागला. तात्यारावांनी दारावर पाटी लावली, "येथे कोणत्याही वस्तूची चव घेतली जाणार नाही. बेल वाजवल्यास उत्तर मिळेल, ते आवडणार नाही." उलट कोथरूडचे एक वयस्कर गृहस्थ आले, लोणच्याचा धंदा करणारे. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "घोटवडेकर, ऐकलंय की तुम्ही आमचं लोणचं आणलंय. कृपा करून खाऊ नका. मला विकायचा नाही हो धंदा." तात्यारावांचे डोळे पाणावले. बरणी न उघडता त्यांच्या हातात परत दिली आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले. वर आल्यावर सुंदराबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर," तात्याराव मला म्हणायचे. "योगायोग आहे." पण मी पाहत होते. हळूहळू ते कंपनीची वस्तू घेईनासेच झाले. साबणाऐवजी रिठे, मंजनाऐवजी कोळसा नि मीठ. मला म्हणायचे, "उगाच कुणाचं वाटोळं कशाला?"

पाच वर्षांपूर्वी सुंदराबाई गेल्या. दुपारी वरून आवाज यायचा बंद झाला. पहिले कित्येक दिवस मी दुकानात बसून त्या वेळेला कान लावायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

त्यांची नात ओवी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईवडील बंगळूरला, ती शिकायला आजी-आजोबांकडे राहायची. आजी गेल्यावर ती परत गेली नाही. एक दिवस तिने गॅसवर कढई ठेवली आणि डाळ भाजायला घेतली. आजीने काही लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि ही पोर चार वर्षं ओट्यावर बसून अभ्यास करत करत तो वास घेत राहिली होती. आधी तिने मैत्रिणींना मेतकूट दिलं, मग माझ्या दुकानात चार पाकिटं ठेवली, मग चाळीस, आणि बघता बघता लोणी काळभोरला शेड भाड्याने घेऊन आठ बायका कामाला लावल्या. पाकिटावर नाव 'सुंदराबाई' आणि आजीचा फोटो, डोळे मिटून हसणारा. मला ते पाकीट फळीवर ठेवताना दर वेळी वाटायचं की ही आता विचारेल, माझं ते दे गं.

तात्यारावांनी या धंद्यासाठी जिवाचं रान केलं. नव्वदीकडे झुकलेला माणूस रोज बसने लोणीला जायचा, दारात खुर्ची टाकून बायकांच्या वेळा बघायचा. उशीर झाला की त्या बायकांतल्या थोरल्या वेणूबाईसुद्धा त्यांना टरकायच्या, आणि वेणूबाई कुणाला टरकणाऱ्या नव्हेत. भाजणी वेणूबाईंच्या हातात होती. तात्याराव पाकिटं मोजायचे, चिकटवायचे, माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांना सांगायचे की घ्या, अस्सल आपलं.

फक्त खायचे नाहीत. चिमूटभरसुद्धा नाही. ओवीने भातावर वाढलं की म्हणायचे, "आज पोट ठीक नाही." दुसऱ्या दिवशी दाढ दुखायची. तिसऱ्या दिवशी संकष्टी असायची, पंचांगात असो वा नसो.

एका संध्याकाळी ओवी दुकानाच्या पायरीवर बसली आणि एकदम रडायलाच लागली. "काकू, लोक म्हणतात छान आहे. बाहेरून ऑर्डरी येतात. पण आजीचं मेतकूट ज्याने रोज खाल्लं तो एकच माणूस आहे, आणि तो तोंडात घालत नाही. म्हणजे ते आजीचं नाहीच ना? मी सगळ्यांना खोटंच विकतेय. आजोबा मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीत, एवढंच."

मला तिची फार दया आली, आणि म्हाताऱ्याचा संताप. वेणूबाईही त्याच आठवड्यात दुकानात आल्या होत्या, त्याही तेच म्हणाल्या, "ताई, म्या त्यास्नी दहांदा म्हनलं, खाऊन तर बगा, लय झ्याक हाय. तर मान वळवत्यात. पोरीचा जीव तुटतोय, दिसत न्हाय का त्यास्नी?"

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि वर गेले. "तात्याराव, तुम्हाला लाज वाटते का?" असंच सुरू केलं. मी रागावले की प्रस्तावना करत नाही.

ते खिडकीशी बसले होते. हातातला पेपर त्यांनी घडी करून ठेवला. मग म्हणाले, "शर्मिलाबाई, मी ज्याला हात लावला ते गेलं. साबण गेला, चहा गेला. ते गेले तर गेले. पण हिच्यावर सुंदराचं नाव आहे." मग अगदी हळू म्हणाले, "मला खायचं नाही असं वाटतं का तुम्हाला? रोज भाजणीचा वास येतो तेव्हा मी बाहेर उन्हात जाऊन उभा राहतो."

 हसावं की रडावं? हा माणूस आपली बायको परदेशी हातात जाऊ नये म्हणून तिच्या हातच्या चवीचा उपास करत होता!

"मग ओवीला सांगा ना हे!"

"सांगितलं तर ती म्हणेल, आजोबा, असलं काही नसतं, खा. आणि तिने आग्रह केला तर मी नाही म्हणू शकणार नाही. तुम्ही सांगायचं नाही. सुंदराची शपथ आहे तुम्हाला." झालं. शपथेने माझं तोंड बंद केलं आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि गंमत बघा. तात्यारावांनी एक कण तोंडात घातला नाही, तरी गेल्या वर्षी नेदरलँड्सची एक मोठी कंपनी 'सुंदराबाई' विकत घ्यायला आली.

तात्याराव भांडायच्या तयारीनिशी बसले होते. धुवट सदरा, टोपी, आणि इंग्रजीत पाठ केलेलं एक वाक्य, गोऱ्या साहेबाच्या तोंडावर मारायचं. दार उघडलं तर समोर कंपनीने पाठवलेली, ठाण्याची पूर्वा नावाची मुलगी. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, फायनली भेटले मी तुम्हाला! माझे आजोबा पण डिट्टो अशीच टोपी घालायचे." इंग्रजी वाक्य तात्यारावांच्या घशातच राहिलं. तिने चहा घेतला, दोनदा घेतला, आजीच्या फोटोसमोर हात जोडले. भांडायला काही जागाच ठेवली नाही तिने. ती गेल्यावर तात्याराव मला म्हणाले, "फसवणूक आहे ही. निदान साहेब तरी पाठवायचा."

ओवीला विकायचं होतं, आणि तिचं चूक नव्हतं. ऑर्डरी झेपत नव्हत्या. कंपनी लोणीलाच मोठा कारखाना काढणार होती, वेणूबाई आणि बाकीच्या बायका कामावर राहणार, भाजणी पुण्यातच होणार. नाव आणि फोटो तोच. कंपनीची एकच अट होती. त्यांच्या चव बघणाऱ्या लोकांचं म्हणणं पडलं की मीठ कमी आहे, ते वाढवायचं.

"हो म्हणून टाकलं मी," ओवी मला म्हणाली. तेव्हा ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "आजीने कमी घातलं असतं म्हणून मी कमी घालत होते. पण ते आजीचं नाहीच तर मीठ वाढलं काय नि कमी झालं काय."

शपथेचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

सह्यांचा दिवस उजाडला. कल्याणीनगरला वकिलाच्या ऑफिसात चार वाजता जायचं होतं. दुपारी ओवी खाली आली, कडक इस्त्रीचा कुर्ता, केस नीट बांधलेले, चेहरा मात्र सुतकी. माझ्याकडून सुट्टे पैसे मागायला लागली रिक्षासाठी. आणि मला राहवेना. मी मनातल्या मनात वर बघून म्हटलं, सुंदराबाई, तुमचं क्रीम इतकी वर्षं लपवलं, त्याच्या बदल्यात ही एक शपथ माफ करा. आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. साबणापासून कोथरूडच्या लोणच्यापर्यंतचं तिला माहीत होतंच. उन्हात उभं राहायचं माहीत नव्हतं.

ओवी ऐकत होती. आधी तिचे डोळे भरले. मग तिला हसू आलं. मग दोन्ही एकदम, नाक पुसता पुसता हसत होती. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. तात्याराव भिंग काढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच येतं.

"काकू, चला वर," ती म्हणाली. "तुम्ही साक्षीदार."

तात्याराव जेवायला बसलेच होते, ताटात आमटी-भात. ओवीने ते ताट उचललं. कुकरमधला मऊ भात नव्या ताटात वाढला, मेतकुटाची बरणी आणली, चमचा भरून मेतकूट भातावर घातलं, तूप सोडलं. घरभर तो वास पसरला. तात्यारावांनी तोंड फिरवलं. "माझी दाढ..."

"दाढ नंतर," ओवी म्हणाली. "आजोबा, नीट ऐका. सही चारला आहे. कंपनी हे घेणार हे पक्कं झालंय, आणि तुम्ही एक कण न खाता झालंय. म्हणजे तुमच्या पायगुणाचा यात काडीचा संबंध नाही. आता खाल्लंत तरी काही बिघडणार नाही, बिघडायचं होतं ते झालं. बरोबर?"

तात्यारावांनी टोपी सारखी केली.

"दुसरं. सही अजून झालेली नाही. म्हणजे या घटकेला मालक मी आहे. ओवी घोटवडेकर, राहणार सदाशिव पेठ. परदेशी मालकाची वस्तू खायची नाही हे तुमचं व्रत. मी परदेशी नाही. बरोबर? पण चारनंतर मी मालक नसणार. मग तुम्हाला हे जन्मात खाता येणार नाही. आजवर पायगुण आडवा येत होता, उद्यापासून व्रत आडवं येईल. मध्ये फक्त ही दुपार आहे."

 तात्याराव या बोलण्यात कुठे फट सापडते का ते शोधत होते, मला स्पष्ट दिसत होतं. जन्मभर कारखान्याच्या फाटकावर उभं राहून लोकांच्या सबबी तपासलेला माणूस तो. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग ओवीकडे, मग ताटाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. फट नव्हती. पोरगी त्यांचीच नात होती.

तात्यारावांनी हात धुतला. पुन्हा पाटावर बसले. भात कालवला, अगदी सावकाश, तूप-मेतकूट सगळीकडे लागेल असा. पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

ओवी समोर उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. मला आयुष्यात कुठल्याही निकालाची एवढी धास्ती वाटली नसेल. ते चावत राहिले, चावायला काही नसताना. मग गिळलं. डोळे उघडले. आणि इतक्या वर्षांनी, खाली गल्लीपर्यंत जाईल असल्या आवाजात म्हणाले,

"मीठ कमी आहे!"

ओवीच्या तोंडून तिच्या नकळत, तितक्याच मोठ्याने, तितक्याच ठसक्यात बाहेर पडलं, "वाटी पुढ्यात आहे!"

वाटी खरंच पुढ्यात होती. आजी गेल्यावरही रोज ताटासमोर ती मांडायची सवय ओवीने सोडली नव्हती. तात्याराव त्या वाटीकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी यायला लागलं. हसतही होते. ओवीने त्यांच्या गळ्यात हात टाकले, तिच्या इस्त्रीच्या कुर्त्याला मेतकूट-भात लागला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने तोंड दाबून रडले. खाली कुणीतरी ओरडलं, "अहो शर्मिलाकाकू, तात्यारावांकडे कोण आलंय?" मी खिडकीतून सांगितलं, "कोणी नाही! जेवतायत!"

त्यांनी तीनदा भात घेतला. मिठाला हात लावला नाही.

ओवी त्याच डागाळलेल्या कुर्त्याने कल्याणीनगरला गेली, आणि सही करायच्या आधी पूर्वाला म्हणाली, "मीठ वाढणार नाही." पूर्वाने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने नेदरलँड्सला फोन लावला, तिकडच्या साहेबांनी चव बघणाऱ्या लोकांना विचारलं. सगळ्यांना चहा आला, दोनदा आला. शेवटी तिकडून उत्तर आलं की ठीक आहे, पण गिऱ्हाइकाने तक्रार केली तर? ओवी म्हणाली, त्याची सोय मी करते. पाकिटावर छापायचं एक वाक्य तिने करारात घालून घेतलं आणि सह्या झाल्या.

गेल्या महिन्यात नवी पाकिटं माझ्या दुकानात आली. चकचकीत, आजीचा फोटो आधीपेक्षा रंगीत. आयुषने एक घेतलं आणि आता मला रोज विचारतो, "काकू, आजोबा आता काय खातात?" मी त्याला हाकलते.

तात्याराव आले ते नेहमीसारखेच, पिशवी हातात. फळीसमोर उभे राहिले. एक पाकीट काढलं, उलटं केलं, खिशातून भिंग काढलं. मी मनात म्हटलं, आलं व्रत. तळाला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि नेदरलँड्सचा पत्ता होता, मला ठाऊक होतं. पण भिंग तिथपर्यंत पोचलंच नाही. वर, कसं वाढावं ते सांगितलंय तिथे थांबलं. तिथे मराठीत आणि खाली इंग्रजीत छापलंय: 'मऊ भातावर तुपाबरोबर वाढावे. मीठ कमी वाटल्यास मिठाची वाटी पुढ्यात ठेवावी.'

भिंग त्या ओळीवर बराच वेळ होतं. मग तात्यारावांनी ते पुसून खिशात ठेवलं आणि पाकीट पिशवीत टाकलं. मग अजून एक टाकलं.

मला कुठे गप्प बसवतंय. "तात्याराव, आज मालक कोण ते नाही विचारलंत?"

ते पायरी उतरता उतरता थांबले. "अहो शर्मिलाबाई," ते म्हणाले, "उभा जन्म संसार करून मला तिच्यावर मालकी सांगता आली नाही. बघू या, हॉलंडवाल्यांना जमतंय का."